फुलीखालची बाई

अंकुशसरांचा फोन आला तेव्हा दीपाली एका बारशाच्या फ्लेक्सवर बाळाच्या डोक्यामागे चंद्र बसवत होती. बोईसरच्या त्या प्रिंटिंगच्या दुकानात ती सात वर्षं डिझाइनचं काम करत होती. वाढदिवस, श्रद्धांजली, उद्घाटन, आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांचे सुरक्षेचे फलक. अंकुशसर अशाच एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते आणि सहसा फोन न करता मेसेज टाकत.

"ते आपलं मास्कचं पोस्टर आहे ना," ते म्हणाले, "त्यातल्या बाईचा चेहरा तेवढा बदलून दे."

"का, सर?"

"बायका कटकट करतायत. त्या पोस्टरसमोर कामाला उभ्या राहत नाहीत. म्हणतात, ती बघते. तुला माहितीच आहे."

दीपालीला माहीत होतं. पोस्टरमधली बाई मागच्या भादव्यात गेली होती. जमना तिचं नाव. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये ती रिकामी पिंपं धुवायची, ठेकेदाराकडून आलेली. शेजारच्या टाकीच्या पाइपाचा जोड निसटला, शेडमध्ये वाफ भरली. जमनाला बाहेर काढलं तेव्हा ती बोलत होती असं म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेली. पेपरात चार ओळी आल्या. त्यातली शेवटची ओळ अशी, की मृत महिलेने मास्क लावला नव्हता.

दीपालीने त्या चार ओळी दुकानात उभ्याने वाचल्या होत्या आणि पेपर घडी करून पुन्हा स्टुलावर ठेवला होता. त्या दिवशी गणपतीचे फ्लेक्स होते, मान वर करायला वेळ नव्हता. असं तिने स्वतःला नंतर बऱ्याचदा सांगितलं.

पण जमना काही गेली नाही. पोस्टर चांगलं झालं होतं, म्हणून अंकुशसरांनी ते ओळखीच्या दुसऱ्या कारखान्यांना दिलं, त्यांनी आणखी कुणाला. मुरब्याहून रोज रिक्षाने येताना एका गेटवर ती दिसायची, मग वळणावरच्या दुसऱ्या गेटवर, मग पार वाणगावच्या रस्त्याला लागलं तरी एका गोदामाच्या पत्र्यावर. उन्हाने कुठे निळी पडलेली, कुठे कोपरा सुटून वाऱ्यावर मान हलवणारी. पोस्टरवर दोन चौकटी होत्या. डावीकडे जमना मास्कशिवाय, एक हात कमरेवर, अंगाचा भार डाव्या पायावर टाकून पिंपाशी उभी, आणि तिच्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेली लाल फुली. उजवीकडे तीच जमना मास्क लावून ताठ उभी, खाली हिरवी बरोबरची खूण. उजवीकडे नुसते डोळे दिसायचे. चेहरा होता तो फुलीखाली.

दीपालीने रिक्षात डावीकडची जागा धरायला सुरुवात केली, कारण गेटं उजवीकडे येत. मग एका डावीकडच्या गेटवरही पोस्टर लागलं.

त्या दुपारी तिने जुनी फाइल उघडली. चेहरा बदलणं म्हणजे दहा मिनिटांचं काम. तिने नाक बदललं, ओठ बदलले, केसांचा भांग बाजूला नेला, कपाळावर टिकली दिली. तयार चित्रांतून एक हसरा गोल चेहरा उचलून बसवला आणि फाइल पाठवून दिली. अंकुशसरांचा अंगठा आला.

चौथ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. निळी साडी, तिच्यावर पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. कारखान्यातून शिफ्ट सुटून सरळ आलेली दिसत होती.

"ते चित्र तुमी काढता?"

"हो."

"मी सुलू. जमनीसंगं होते मी कामाला." ती आत आली नाही. "तुमी चेहरा बदललाव. पण उभी तीच हाय, ताई. तिच्यासारखं कोणी उभं रायत नाय."

दीपालीने मागे वळून पडद्यावर ती फाइल पुन्हा उघडली. गोल, हसरा, परका चेहरा. आणि त्याच्याखाली जमनाचा खांदा, जमनाचा कमरेवरचा हात, थोडी बाहेर निघालेली डावी कंबर. कुणाच्या तरी धडावर दुसऱ्याचं डोकं ठेवावं तसं ते दिसत होतं. सात वर्षांत इतकं वाईट काम तिने केलं नव्हतं.

"बाया काय म्हणतात?" तिने विचारलं.

"आदी म्हणायच्या, जमनी बघते. आता म्हणतात, जमनीला तोंड नाय, आता ती कोनाचं पन तोंड घेल." सुलू हे सांगताना हसली नाही की घाबरलेलीही दिसली नाही. पाणी येत नाही असं सांगावं तसं तिने सांगितलं.

दीपालीने तिला आत बोलावून पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. त्या दिवशी काय झालं ते सुलूने सांगितलं. त्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. सुलू धुतल्या पिंपाचं पाणी ओतायला बाहेर गेली, तेवढ्यात झालं. आवाज मोठा नव्हता. कुकरची शिटी होते तसा. शेडला दरवाजे दोन, त्यातला एक पिंपं रचून बंद झालेला. जमनीला पळता येत नव्हतं.

"आनि मास्क?" दीपालीने विचारलं. विचारताना तिचाही स्वर सुलूसारखा झाला होता.

"मास्क कुठले? मास्क तुमी आलेलाव त्या दिसाला निघाले. मग इन्स्पेक्शनला निघाले. बाकी कपाटात." सुलूने कप खाली ठेवला. "मागनं चौकशीला सायेब आले. आपल्या सरांनी त्यांना तुमचं पोस्टर दाखवलं. म्हनले, बाईला समदं शिकवलेलं, हे बघा, ही तीच बाई. चित्रातच हाय. तिला म्हाईत नव्हतं असं कसं?"

सुलू गेल्यावर दीपालीने हातातलं काम छपाईला दिलं आणि नुसती बसून राहिली. पोस्टरचा दिवस तिला लख्ख आठवत होता. फोटो काढून त्यावरून चित्र करायचं ठरलं होतं. चार बायका रांगेत उभ्या केल्या, त्यातून अंकुशसरांनी जमनाला निवडलं. "ही बघ कशी उभी आहे. अगदी बेफिकीर. आपल्याला हेच पाहिजे." दीपालीलाही तेच वाटलं होतं. चित्र काढणाऱ्याला बरं वाटावं अशी ती उभी होती. मग मास्क लावून ताठ उभं राहायला सांगितलं तेव्हा जमनाने ओठ दाबले होते. फोटो झाले. सामानाचा खोका दीपालीच्या हातात होता. जमनाने मास्क काढला, जरा वेळ हातात धरला, त्याच्या आत बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, हा ठेवू का मी?"

"सरांना विचारा," दीपाली म्हणाली होती, आणि खोका पुढे केला होता. जमनाने मास्क खोक्यात टाकला.

एवढंच. यात दीपालीचं काय चुकलं असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. मास्क तिचे नव्हते. पण खोका तिने पुढे केला होता, आणि तो हात तिला आता रोज दिसत होता. दात घासताना, पैंजणाच्या जाहिरातीत बाईचा पाय कापून बसवताना, मुरब्याच्या घरी आई सुकी मासळी डब्यात भरताना.

पालघरला निमेश राहायचा. दीपालीबरोबर चित्रकलेचा डिप्लोमा केलेला, आता शाळेत शिकवणारा. वर्षातून दोनदा तो छोट्या चित्रकथांचं एक पुस्तक काढायचा. ओळखीतल्या पाचसहा जणांच्या कथा, कॉमिक्सच्या चौकटींत मांडलेल्या, प्रत्येकी आठ पानं, तीनशे प्रती. दीपालीकडे तो वर्षभर आठ पानं मागत होता आणि ती वर्षभर पुढच्या महिन्यावर टाकत होती. आता तिने रोज पहाटे उठून, दुकानात जायच्या आधी, जमनाची गोष्ट काढायला घेतली. दोन आठवड्यांत चौदा पानं झाली. वाफ, पळापळ, पानभर मोठ्या अक्षरांत आवाज, पिंपांच्या मागे कोसळणारी जमना, रडणाऱ्या बायका, आणि शेवटी साहेबांच्या टेबलावर पोस्टर.

निमेशने रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या वर्गात ती पानं बाकावर ओळीने मांडली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालत वाचली.

"राग चांगला आलाय," तो म्हणाला.

"पण?"

"पण हिला मी ओळखत नाही." त्याने कोसळणाऱ्या जमनावर बोट ठेवलं. "ही पोस्टरमधली बाई आहे. फुली काढलीस आणि तिला पळायला लावलंस, इतकंच."

ते खरं होतं. चौदा पानांत जमनाचा चेहरा एकदाही जमला नव्हता. पोस्टरसाठी काढलेले फोटो तिने काम झाल्यावर पुसून टाकले होते. दर वेळी हात आपसूक पोस्टरचाच चेहरा काढायचा. खरा चेहरा आठवायला गेलं की तो फुलीखाली जायचा.

"तू तिथे होतीस का? वाफ झाली तेव्हा?"

"नाही."

"मग ते का काढलंस? जिथे नव्हतीस तिथलं सगळं आहे. जिथे होतीस ते कुठाय?" मग तो बाकावर बसला आणि शाळेत शिकवतो तसं शांतपणे बोलू लागला. "आठ पानांत आख्खं मरण बसत नाही, दीपाली. एक हालचाल बसते. फार तर दोन. आणि हे बघ, दोन चौकटींच्या मध्ये ही पांढरी पट्टी असते. ही आपली नसते, वाचणाऱ्याची असते. मोठ्या गोष्टी तिथे घडू द्यायच्या. तू तिथेसुद्धा लिहून ठेवलंयस. एवढे फुगे, एवढे शब्द. वाचणारा आत शिरणार कुठून?"

"न काढता कळेल?"

"ते करून बघितल्याशिवाय कसं सांगणार?"

तिने पानं गोळा केली. जाताना निमेश म्हणाला, "आणि तिच्या घरच्यांना विचार. त्यांच्याकडे फोटो असेल."

फोटो होता, पण तो असा असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

सुलूबरोबर ती गेली ते मोहाच्या फुलांचे दिवस होते. मनोरच्या पुढे बस सोडून दोघी पाऊण तास चालल्या. जमनाची आई भागी अंगणात फुलं वाळत घालत होती. लहान चणीची, पन्नाशीची बाई. तिने कामावरून हात न काढता दोघींना बसायला सांगितलं. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी माणसं कामाला बाहेर जात, ती अजून परतली नव्हती, म्हणून आजूबाजूची घरं बंद होती. जमनाचा भाऊ बुधा वीटभट्टीवर होता. भिंतीपलीकडे कोंबडी पाला उकरत होती, तेवढाच आवाज.

पाणी प्यायला आत गेल्यावर दीपालीने भिंतीकडे पाहिलं आणि तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

कुडाच्या भिंतीला, शेणाने सारवलेल्या जागी, पोस्टरचा तुकडा काट्यांनी टोचून लावला होता. नीट कापून आणलेली डावीकडची चौकट. जमना, कमरेवर हात, आणि तिच्यावरून गेलेली लाल फुली. कपाळाच्या जागी हळदीकुंकू लावून लावून फ्लेक्स पिवळा झाला होता. खाली वाळलेला झेंडू.

"बुधानं आनला कापून," भागी मागून म्हणाली. "तिचा दुसरा फोटू नाय आमच्याकडं. आधारवरचा होता तो काळा पडला. दुसरा बी होता संगं, त्यात तोंड झाकलेलं, तो नाय घेतला." ती जवळ आली. "बाय, तू शिकलेली. मला सांग, या तांबड्या दोन रेघा कशाला हायेत? बुधाला पुसलं, तो म्हनं कंपनीची खून हाय."

सुलू दारात उभी होती, ती अंगणाकडे बघू लागली.

बुधाला फुलीचा अर्थ माहीत होता. दीपालीला तेवढं कळलं. तो जे बोलला नव्हता ते आता तिला बोलायचं होतं, किंवा बोलायचं नव्हतं. कंपनीची खूण, असं म्हणून तांब्या तोंडाला लावता आला असता.

"मावशी, ती फुली आहे," ती म्हणाली. "असं करू नका, हे चुकीचं आहे, असं सांगायला मारतात."

भागीने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "काय चुकलं तिचं?"

"तिचं काही चुकलं नाही."

"मंग फुली कोनी मारली?"

"मी." मग तिने सगळं सांगितलं. चित्र मी काढलं, तिला तशी उभी मी केली, मास्क तिने मागितला आणि मी खोका पुढे केला. सांगताना तिने मध्ये कुठेही माफी मागितली नाही. मागितली असती तर भागीला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

भागी भिंतीजवळ गेली आणि अंगठ्याने लाल रेघ घासून पाहिली. एकदा, दोनदा. छापलेली रेघ ती, कशी जाणार. अंगठ्याला नुसतं कुंकू लागलं.

"पुसत नाय," ती म्हणाली.

"नाही."

"मंग दुसरं काढ."

एवढं म्हणून ती बाहेर फुलांपाशी जाऊन बसली. दीपालीही तिच्याशेजारी बसली आणि फुलांतला कचरा वेचू लागली. तासाभराने भागी आपणहून बोलायला लागली. जमना सात वर्षांची असताना मोहावरून पडली. कंबरेचं हाड सरकलं, भगताने बांधलं, ते तसंच वाकडं जुळलं. तेव्हापासून ती अशी उभी राहायची, डाव्या पायावर, हाताने कंबर धरून. सरळ उभं राहिलं की कळ यायची. नाचायला मात्र सगळ्यांच्या पुढे. तारप्याच्या सुरावर पोरी हात गुंफून फिरायच्या तेव्हा जमनी रांगेच्या शेवटाला राहायची, कारण शेवटच्या पोरीला पळावं लागतं आणि तिला पळता येत नाही असं कोणी म्हणू नये.

दीपाली वेचता वेचता थांबली. बेफिकीर, असं अंकुशसर म्हणाले होते, आणि तिला ते पटलं होतं.

परतीच्या बसमध्ये तिने वहीत काही काढलं नाही. पण घरी गेल्यावर चौदा पानं आईच्या चुलीशेजारी ठेवून दिली आणि आठ कोरी पानं घेतली.

या वेळी काम फार हळू झालं. तिने आधी शब्द काढून टाकले. भागीला वाचता येत नाही, मग शब्द कुणासाठी? फुगे गेल्यावर चौकटींना एकदम हवा लागली. पहिल्या पानावर फक्त पाय काढले, चार बायकांचे, रांगेत, आणि त्यातला एक जोड डावीकडे झुकलेला. मग मोहाचं झाड, पण पडणं नाही. फांदीवर एक पोर, आणि पुढच्या चौकटीत रिकामी फांदी. वाफेचं एकही चित्र नाही. पाचव्या पानावर ती स्वतः होती. तिथे ती आठ दिवस अडकली. स्वतःला पाठमोरी काढली, ते लबाडीचं वाटलं. समोरून काढली, तर डोळ्यांत आपोआप पश्चात्ताप आला, जो त्या दिवशी मुळीच नव्हता. शेवटी तिने एकच हालचाल सहा सारख्या चौकटींत मोडली: मास्क धरलेला हात, त्यात फिरणारं बोट, पुढे येणारा खोका, थबकलेला हात, खोक्यात पडलेला मास्क, बंद झालेलं झाकण. खोका धरणाऱ्या हाताच्या मनगटावर तिचं स्वतःचं घड्याळ काढलं. ओळखणारे ओळखतील.

अजूनही चेहरा जमत नव्हता. म्हणून तिने जमनाला दर चौकटीत मास्कने, पदराने, झाडाच्या पानांनी किंवा चौकटीच्या कडेनेच झाकलं. शेवटच्या पानावर जमना पाठमोरी पाड्यावरून रस्त्याकडे उतरत होती, आणि पुढे कागद कोरा.

निमेशने ती आठ पानं वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि एवढंच म्हणाला, "पाचवं पान थोडं मोठं छापू."

पुस्तक छापून आलं त्या आठवड्यात अंकुशसर दुकानात आले. त्यांना चेहऱ्याचं तिसरं रूप हवं होतं. या वेळी पुरुष कर, असं त्यांचं म्हणणं होतं. दीपालीने नकार दिला. त्या पोस्टरला आता मी हात लावणार नाही, सर, आणि कुणाला लावूही देऊ नका, ते उतरवा. दुकानाचे मालक आतून बघत होते. तिने पुस्तक उघडून काउंटरवर ठेवलं.

अंकुशसरांनी ते घाईघाईने चाळलं, मग मागे जाऊन हळू चाळलं. पाचव्या पानावर थांबले. कोपऱ्यात एका माणसाची फक्त पँट आणि बूट होते.

"हा मी?"

"हो."

"चेहरा नाही काढलास."

"कुणाचाच काढता आला नाही."

ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी वर तीनदा लिहिलं होतं. मास्कसाठी. माझ्याकडे कागद आहेत."

"मग चौकशीत ते का नाही दाखवले?"

ते पुस्तक घेऊन गेले. त्यांच्या कारखान्याचं काम त्या दिवसापासून दुकानाला आलं नाही, आणि मालक दीपालीशी महिनाभर कामापुरतं बोलले. पण सुलूचा फोन आला की शेडमधलं पोस्टर उतरवलंय, भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आहेत आणि बायका आता त्या भोकांसमोर कामाला उभ्या राहतात. बाकीच्या गेटांवर जमना होती तशी आहे. वाणगावच्या रस्त्यावरच्या पत्र्यावरची तर आता इतकी उडाली आहे, की फुली तेवढी दिसते.

मे महिन्याच्या शेवटी दीपाली पुस्तक घेऊन पाड्यावर गेली. एकटीच. भागीने हात धुतले, पदराला पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली नाही. मधूनच कुठलंसं पान उघडलं, त्यावरून बोट फिरवत मागे गेली, मग पुढे आली. दीपालीने महिनाभर जीव ओतून लावलेला चौकटींचा क्रम तिने दोन मिनिटांत मोडला. फांदीवरच्या पोरीपाशी ती थांबली, मग रिकाम्या फांदीपाशी, आणि त्या दोन्हींच्या मधल्या पांढऱ्या जागेवर तिने बोट टेकलं.

"इथं मी चुलीपाशी होते," ती म्हणाली. "मला ऐकू आलं नाय."

पुढे ती एकेक चूक सांगू लागली. कुडाचं दार या बाजूला नाही, त्या बाजूला. जमनीच्या हातात बांगड्या तीन नव्हत्या, दोन होत्या, एक फुटलेली. दीपालीने पिशवीतून पेन काढलं आणि छापील पानावरच दुरुस्त्या करू लागली. दार हललं, बांगडी खोडली गेली. असं करत दोघी शेवटच्या पानावर आल्या.

"ही अशी नाय जायची," भागी म्हणाली.

"मग कशी?"

"तिथं वळून बघायची. त्या सागापाशी. दर सोमवारी, कामाला जाताना." तिने कोऱ्या जागेत बोट ठेवलं. "इथं तोंड काढ."

"मला तिचं तोंड येत नाही, मावशी. खूप केलं, येत नाही."

"काढ तू, मी सांगते."

दीपालीने पेन टेकवलं. भागी सांगत गेली. कपाळ बारीक. नाक माझं, हे बघ. हनुवटीला खड्डा नाही, ते बुधाला आहे. पेनाची शाई छापील कागदावर थोडी पसरत होती, खोडता येत नव्हतं, म्हणून रेघ जपून ओढावी लागत होती. नखाएवढा चेहरा झाला. दीपालीने हात काढून पाहिलं. समोर भागीचं वय वजा केलेलं कुणीतरी होतं, आणि ते तिच्याकडेच बघत होतं.

भागीने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"हसती काढलीस," ती शेवटी म्हणाली.

"हसायची नाही का?"

"हसायची, पन तिथं नाय. तिला जायचं नसायचं बाय. कंबर दुखती म्हनायची. मी म्हनायचे, जा, जा, बस चुकंल." भागीचा आवाज होता तसाच होता, फक्त बोट त्या चेहऱ्यावरून हललं नाही. "रागानं बघायची ती माझ्याकडं. तसं काढ."

दीपालीने पेन पुन्हा हातात घेतलं. भुवया खाली ओढल्या, ओठांची कड सरळ केली. आणखी, भागी म्हणाली, आणि तिने आणखी एक रेघ ओढली.